बशीच्या पाठीवरचा शिक्का: ‘कोलपोर्ट, ए.डी. १७५०’ म्हणजे १७५० साल नव्हे

आपण पणजीच्या लाकडी पेटीतून निघालेल्या चार वस्तूंविषयी विचारले आहे. पहिली वस्तू म्हणजे चहाचा संच, ज्याच्या प्रत्येक बशीमागे हिरव्या रंगात मुकुट, ‘कोलपोर्ट’, ‘ए.डी. १७५०’ आणि ‘इंग्लंड’ असे छापलेले आहे. दुसरी वस्तू उठावाच्या नक्षीचा एक जग असून त्याच्या तळाशी अक्षरे आणि आकडे असलेला, पत्त्यांतील चौकटच्या (हिऱ्याच्या) आकाराचा ठसा आहे. तिसरी हस्तिदंती रंगाची एक बशी आहे आणि तिच्यामागे मुकुट, वर्तुळ, वर्तुळाच्या मध्यभागी ५१ हा आकडा व भोवती ठिपके आहेत. चौथी मेंढपाळ मुलीची छोटी मूर्ती, जिच्या मागे जहाजाचा ठसठशीत सोनेरी नांगर रंगवलेला आहे. चहाचा संच पावणेतीनशे वर्षांचा आहे का, हा आपला मुख्य प्रश्न.

तो तसा नाही. हा संच १८९१ ते साधारण १९२० या काळातला आहे. जुन्या इंग्रजी भांड्यांबाबत सर्वांत जास्त गैरसमज ज्या थोड्या शिक्क्यांमुळे होतात, त्यांत या शिक्क्याचा क्रमांक फार वरचा आहे, त्यामुळे तो कसा वाचायचा हे सविस्तर सांगतो.

कोलपोर्ट हे श्रॉपशायर परगण्यात सेव्हर्न नदीच्या काठी वसलेले गाव. तिथला कारखाना जॉन रोझ याने अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी उभारला आणि १७९९ मध्ये जवळच्या कॉली येथील जुना कारखाना विकत घेतला. ‘१७५०’ हा आकडा त्या जुन्या वारशावर सांगितलेला हक्क आहे. आपल्याकडे मिठाईच्या दुकानाच्या पाटीवर स्थापनेचे वर्ष असते, म्हणून त्या दिवशीचे पेढे तितके जुने ठरत नाहीत. इथेही प्रकार तोच आहे. मुकुटासह ‘ए.डी. १७५०’ असलेला छापील शिक्का कोलपोर्टने १८८१ च्या सुमारास वापरायला सुरुवात केली. त्यात ‘इंग्लंड’ हा शब्द १८९१ मध्ये आला आणि १९२० च्या आसपास त्याच्या जागी ‘मेड इन इंग्लंड’ आले. आपल्या बशीवर नुसते ‘इंग्लंड’ आहे, म्हणून दोन्ही बाजूंच्या मर्यादा मिळाल्या. शिवाय आपण लिहिता त्याप्रमाणे बशी दिव्यासमोर धरली की मागच्या बोटांची सावली दिसते आणि रंग दुधाळ पांढरा आहे. म्हणजे ती बोन चायना आहे. हाडांची राख जवळजवळ निम्मी मिसळून केलेले हे इंग्रजी मिश्रण जोसाया स्पोड व त्याच्या मुलाने १८०० च्या आगेमागे पक्के केले. १७५० मध्ये ते या रूपात अस्तित्वातच नव्हते.

यातून जो नियम निघतो, त्यावर मी माझ्या कामात सर्वांत जास्त भर देतो: शिक्क्यातील सर्वांत जुनी खूण पाहू नये, सर्वांत नवी खूण शोधावी. शिक्का हा वस्तूचा जन्मदाखला नसतो. वस्तू कोणत्या वर्षाच्या आधीची असू शकत नाही, एवढेच तो खात्रीने सांगतो; ती कोणत्या वर्षाच्या नंतरची नसावी, हे पुढच्या शिक्क्यात काय बदलले त्यावरून ठरवावे लागते. चांदीच्या भांड्यांवर इंग्लंडमध्ये कायद्याने हॉलमार्क असतो आणि त्यात पूर्वी वर्षाचे अक्षरही सक्तीचे असे, त्यामुळे चिनी मातीलाही तसाच नियम असावा असे अनेकांना वाटते. तसा कायदा चिनी मातीला कधीच लागू नव्हता. प्रत्येक कारखान्याने आपल्या सोयीने, धंद्याच्या गरजेने आणि कधीकधी दुसऱ्याच्या नावाचा फायदा घेण्यासाठीही शिक्के केले.

‘इंग्लंड’ हा शब्द मात्र खऱ्याखुऱ्या कायद्यामुळे आला, आणि तो कायदा इंग्लंडचा नव्हता. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव असणे सक्तीचे केले आणि १८९१ पासून ते अंमलात आले. स्टॅफर्डशायर या इंग्लंडमधील भांडी-उद्योगाच्या परगण्यातील कारखान्यांचे अमेरिका हे फार मोठे गिऱ्हाईक होते, त्यामुळे अमेरिकेसाठी वेगळा आणि घरच्यासाठी वेगळा शिक्का करण्यापेक्षा बहुतेकांनी सर्वच मालावर देशाचे नाव घातले. हा शब्द असेल तर वस्तू १८९१ नंतरची, हे अनुमान जवळजवळ नेहमी बरोबर येते, जरी काही कारखान्यांनी थोडे आधीपासूनच तो वापरलेला आढळतो. उलट अनुमान मात्र धोक्याचे आहे. शब्द नाही म्हणून वस्तू १८९१ च्या आधीची, असे म्हणता येत नाही, कारण संचातील काही नगांवर पूर्ण शिक्का व लहान नगांवर नुसते चिन्ह अशी पद्धत होती आणि शिक्का अर्धवट उमटण्याचे प्रमाणही बरेच होते. ‘मेड इन इंग्लंड’ हे शब्द विसाव्या शतकाचे आणि बहुतांशी पहिल्या महायुद्धानंतरचे समजावेत. ‘बोन चायना’ किंवा ‘इंग्लिश बोन चायना’ असे शब्दांत छापलेले असेल तर तेही विसाव्या शतकाचेच लक्षण आहे. ‘लिमिटेड’ हा शब्द १८६० च्या आधी अपेक्षित नाही. ‘ट्रेड मार्क’ हे शब्द १८६२ च्या कायद्यानंतरचे, आणि बहुधा १८७५ च्या नोंदणी कायद्यानंतरचे असतात.

इंग्लंडच्या राजचिन्हाबद्दलही इथेच सांगतो, कारण सिंह व एकशिंगी घोडा असलेले शिक्के मुंबईच्या चोर बाजारात जाड पांढऱ्या ताटल्यांवर वारंवार दिसतात आणि विकणारा त्या ‘राणीच्या वाड्यातल्या’ असल्याचे सांगतो. राजचिन्ह छापणे ही शेकडो कारखान्यांची सवय होती. राजघराण्याशी त्याचा संबंध असेलच असे नाही. कालनिश्चितीसाठी त्यात एक उपयोगी बारकावा मात्र आहे. १८३७ पर्यंत राजचिन्हाच्या मुख्य ढालीच्या मध्यभागी आणखी एक छोटी ढाल असे, कारण इंग्लंडचा राजा हॅनोव्हरचाही राजा होता. व्हिक्टोरिया गादीवर आली, हॅनोव्हर वेगळे झाले आणि मधली ढाल गेली. भिंगातून मधली ढाल दिसली तर वस्तू १८३७ च्या आधीची असण्याची शक्यता बळावते, आणि ढालीचे फक्त चार भाग दिसले तर ती नंतरची असते.

आता आपल्या जगाकडे येतो. माझ्या मते या पेटीतील सर्वांत बोलकी वस्तू तीच आहे. चौकटच्या आकाराचा तो ठसा म्हणजे ब्रिटिश नोंदणी कार्यालयात त्या वस्तूचा आकार किंवा नक्षी नोंदवल्याची खूण होय. ही पद्धत १८४२ ते १८८३ या काळात चालली. चौकटीच्या वरच्या टोकाला एका छोट्या वर्तुळात रोमन चार असतो. तो मातीच्या वस्तूंचा वर्ग. वर्तुळाखालच्या चौकटीच्या चार कोपऱ्यांत वर्ष, महिना, दिवस आणि त्या दिवशीच्या नोंदीचा क्रमांक असतो. मात्र १८६८ मध्ये या चारही गोष्टींच्या जागा बदलल्या, आणि बहुतेक चुका तिथेच होतात. १८४२ ते १८६७ या काळात वर्षाचे अक्षर वर, महिन्याचे अक्षर डावीकडे, दिवसाचा आकडा उजवीकडे आणि क्रमांक खाली असे. १८६८ ते १८८३ मध्ये दिवस वर, वर्षाचे अक्षर उजवीकडे, महिना खाली आणि क्रमांक डावीकडे गेला. ओळखण्याची सोपी युक्ती अशी की वर्तुळाच्या लगेच खाली अक्षर असेल तर ठसा पहिल्या काळातला आणि आकडा असेल तर दुसऱ्या काळातला.

आपल्या जगावर वर ७, उजवीकडे ‘एच’ आणि खाली ‘डब्ल्यू’ आहे असे आपण लिहिले आहे. वर आकडा आहे, म्हणजे हा दुसरा काळ. त्या काळात ‘एच’ म्हणजे १८६९, ‘डब्ल्यू’ म्हणजे मार्च, आणि वरचा ७ म्हणजे सातवा दिवस. हाच ‘एच’ पहिल्या काळात १८४३ दाखवत असे, म्हणजे जागा न पाहता नुसते अक्षर कोष्टकात शोधले की २६ वर्षांची चूक होते. वर्षांची अक्षरे वर्णक्रमाने नाहीत, हेही लक्षात ठेवावे: १८४२ साठी ‘एक्स’, १८४३ साठी ‘एच’, १८४४ साठी ‘सी’, १८४५ साठी ‘ए’ अशी ती उलटसुलट लावलेली होती, आणि १८६८ पासून तोच क्रम पुन्हा ‘एक्स’पासून सुरू झाला. कोष्टक समोर ठेवल्याशिवाय मीसुद्धा उत्तर देत नाही.

पण ७ मार्च १८६९ हा आपला जग घडवल्याचा दिवस नाही. तो नक्षी नोंदवल्याचा दिवस आहे. नोंदणीने मातीच्या वस्तूंना तीन वर्षांचे संरक्षण मिळे, पण लोकांना आवडलेला जग कारखाना त्यानंतरही त्याच साच्यातून काढत राही आणि साच्यात कोरलेला ठसा तसाच उमटत राही. म्हणून मी या जगाला ‘१८६९ किंवा त्यानंतरची काही वर्षे’ असे म्हणेन. नक्षीच्या कडा धारदार असतील तर साचा नवा होता. पाने गुळगुळीत, बोथट झाली असतील तर साचा बराच वापरलेला होता आणि जग नंतरचा. कारखान्याचे नाव जगावर नसले तरी निराश होऊ नये. लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात या नोंदणीच्या वह्या आहेत आणि तारीख व क्रमांक यांवरून ती नक्षी कोणी नोंदवली याचा शोध घेता येतो. कधीकधी ते नाव कारखानदाराचे नसून व्यापाऱ्याचे निघते, एवढी तयारी ठेवावी.

१८८४ च्या जानेवारीपासून चौकट बंद होऊन साधा नोंदणी क्रमांक सुरू झाला, जो ‘आर.डी. नं.’ या अक्षरांपुढे येतो. तो १ पासून सुरू झाला, १८९० च्या आरंभी सुमारे १,४१,००० वर आणि १९०० च्या आरंभी सुमारे ३,५१,००० वर पोहोचला. सर्व प्रकारच्या मालासाठी एकच मालिका असल्याने आकडे इतक्या वेगाने वाढले. इथेही तीच अट लागू होते: क्रमांक नक्षीचा आहे, वस्तूचा नाही.

तिसरी वस्तू, म्हणजे हस्तिदंती बशी, रॉयल वूस्टरची आहे. वर्तुळातील ५१ हा १८५१ किंवा १९५१ नव्हे. वूस्टरच्या पहिल्या कारखान्याचे स्थापनावर्ष १७५१ आहे, आणि त्याचीच ती आठवण. कोलपोर्टच्या १७५० सारखाच हा प्रकार, फक्त अर्धा आकडा लपवलेला. वूस्टरचे काम मला आवडते ते मात्र ठिपक्यांमुळे. १८९१ मध्ये त्यांनी ‘रॉयल वूस्टर इंग्लंड’ हे शब्द घातले, १८९२ मध्ये शिक्क्याशेजारी एक ठिपका टाकला आणि पुढे दरवर्षी एकेक वाढवत १९१५ मध्ये चोवीस ठिपक्यांपर्यंत नेले. त्यानंतर तारा आला आणि मोजणी नव्याने सुरू झाली. म्हणजे तारा नसेल तर ठिपके मोजून ते १८९१ मध्ये मिळवावेत. आपण नऊ ठिपके मोजले आहेत. बशी १९०० ची ठरते. कृपया भिंग घेऊन पुन्हा एकदा मोजावेत, कारण ठिपके मुकुटाच्या दोन्ही बाजूंना विभागलेले असतात, झिलईतील काळा कण ठिपक्यासारखा दिसतो आणि पुसट ठिपका सुटतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका फुलदाणीवरचा माशीचा डाग ठिपका धरून ती एक वर्ष नवी केली होती; तिच्या मालकिणीने ओल्या फडक्याने ती पुसली आणि माझे वर्ष पुसले गेले.

असे अंतर्गत संकेत बऱ्याच मोठ्या कारखान्यांत होते. मिंटनने १८४२ पासून शंभर वर्षे दरवर्षी एक छोटे चिन्ह मातीत दाबले, आणि १८७३ पासून नावाला शेवटी ‘एस’ जोडून ‘मिंटन्स’ केले. चिन्ह पुसट असले तरी हे एक अक्षर उपयोगी पडते. कोपलंडच्या भांड्यांवर साधारण १८७० पासून महिन्याचे अक्षर आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे दाबलेले सापडतात, ज्यांना कोष्टकाची गरजच नाही. रॉयल डल्टनच्या सिंह-मुकुटाच्या शिक्क्याशेजारी १९२८ पासून एक लहान आकडा असे; तो १९२७ मध्ये मिळवला की वर्ष मिळते. वेजवुडने १८६० पासून तीन अक्षरांचा ठसा वापरला, ज्यातील शेवटचे अक्षर वर्ष दाखवते. पण तिथे मालिका पुन्हा पुन्हा फिरते, त्यामुळे ‘ओ’ म्हणजे १८६०, १८८६ किंवा १९१२ यांपैकी काहीही असू शकते. १९०७ पासून पहिल्या अक्षराच्या जागी ३ हा आकडा आला, म्हणून ३ दिसल्यास १९१२. नाहीतर उरलेल्या दोहोंमधून निवड भांड्याची घडण, नक्षी आणि बाकीचा शिक्का पाहूनच करावी लागते.

वेजवुडच्या नावाची आणखी एक गंमत आहे, आणि ती ग्राहकाला महाग पडते. जोसाया वेजवुडच्या कारखान्याने आपले नाव बहुधा नुसते ‘वेजवुड’ असे दाबले. ‘वेजवुड अँड कंपनी’ हा टन्स्टॉलच्या एनॉक वेजवुडचा वेगळा कारखाना होता. ‘जे. वेजवुड’ असे छापलेले दिसले की लोक जोसाया समजतात, पण तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा जॉन वेज वुड नावाचा कारखानदार होता, ज्याने आपल्या नावातील दोन शब्दांमधली जागा सोयीने कमी केली. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘जी’नंतर जादा ‘ई’ असेल तर ते काम स्टॉक्टनच्या विल्यम स्मिथचे असते.

हे संकेत वाचताना एक फरक ध्यानात ठेवावा. मातीत दाबलेला ठसा वस्तू ओली असताना, म्हणजे पहिल्या भट्टीच्या आधी बसतो. छापील शिक्का पुष्कळदा नक्षीबरोबर येतो. पांढरा माल वर्षभर गोदामात पडून मागणी आल्यावर रंगवला जाई, त्यामुळे एकाच ताटलीवर दाबलेले वर्ष आधीचे आणि छापलेला शिक्का नंतरचा असे दिसले तर ती खोटी ठरत नाही. दाबलेल्या ठशावर मी सर्वांत जास्त विश्वास ठेवतो, कारण भाजलेल्या मातीत तो मागाहून घालता येत नाही. झिलईखालच्या निळ्या शिक्क्याचेही तसेच. झिलईच्या वर रंगवलेला शिक्का मात्र कोणीही, केव्हाही घालू शकतो. नखाने अलगद चाचपले की झिलईवरचा रंग किंचित उठावदार लागतो. झिलईखालचा लागत नाही. तळाशी एखादा भाग खरवडल्यासारखा निस्तेज दिसला तर तिथला मूळ शिक्का कोणीतरी काढलेला असण्याची शक्यता फार मोठी असते.

आणि म्हणूनच चौथ्या वस्तूबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. लंडनच्या चेल्सी कारखान्याने १७५२ च्या सुमारापासून लाल आणि साधारण १७५६ ते १७६९ या काळात सोनेरी नांगर वापरला, हे खरे. पण तो नांगर अगदी लहान, सहसा पाव इंचाच्या आत असे आणि मूर्तीच्या मागे, जणू लाजून, एखाद्या कोपऱ्यात असे. आपल्या मूर्तीवरचा नांगर आपल्या मोजमापानुसार पाऊण इंचाचा आहे आणि मागच्या बाजूच्या अगदी मध्यभागी आहे. पॅरिसमध्ये १८४५ मध्ये सुरू झालेल्या सॅमसनच्या कारखान्याने आणि युरोपातील इतर अनेकांनी चेल्सीच्या नकला मुबलक केल्या. चेल्सीची माती मऊ जातीची असून तुटलेल्या कडेला ती साखरेसारखी दाणेदार दिसते. नकलांची माती कठीण असून तुटलेली कड काचेसारखी चमकते. मूर्तीच्या टोपलीचा कान तुटलेला आहे असे आपण लिहिले आहे, म्हणजे नैसर्गिक चाचणी आपल्या हातातच आहे. ती कड भिंगाखाली पाहावी, नवीन तुकडा पाडू नये. ती चमकत असेल तर मूर्ती एकोणिसाव्या शतकातील युरोपीय नक्कल आहे. अशा नकलाही संग्रहात ठेवण्यासारख्या असतात, फक्त चेल्सीच्या किमतीने त्या घेऊ नयेत.

पेटीत शिक्का नसलेल्या दोन निळ्या ताटल्याही आहेत, असा उल्लेख आपण शेवटी केला आहे. शिक्का नसणे हे हलक्या मालाचे लक्षण नाही. १८०० च्या आधीचा बराचसा इंग्रजी माल शिक्क्याविनाच आहे. अशा वेळी छापलेले चित्र पाहावे. १८४२ मध्ये नकलेविरुद्ध कायदा होण्यापूर्वी कारखानदार पुस्तकांतील चित्रे सर्रास उचलत. स्पोडची हिंदुस्थानातील शिकारीची प्रसिद्ध निळी मालिका अशाच एका पुस्तकावरून १८१५ च्या आगेमागे झाली. कायद्याने नक्कल करणे अडचणीचे झाल्यावर तळी, कमानी, झाडे यांची कुठल्याच गावाची नसलेली कल्पित दृश्ये वाढली. आपल्या ताटल्यांवर ओळखू येणारी इमारत किंवा प्रसंग असेल, तळाशी तीन-तीन ठिपक्यांचे जुने टेकूचे डाग असतील आणि बुडाची कड समान न झिजता वापरानुसार कमीअधिक झिजलेली असेल, तर त्या चहाच्या संचापेक्षा जुन्या निघण्याची बरीच शक्यता आहे. त्यांचे पुढचे आणि मागचे छायाचित्र, तिरक्या उजेडात घेतलेले, पाठवावे. काळपट मळ काढण्यासाठी ब्लीच वापरू नये, कारण ते झिलईच्या बारीक तड्यांतून आत जाते आणि पुढे झिलई सोलवटते. कोमट पाणी आणि मऊ फडके एवढे पुरेसे आहे.